तीन मिरच्या आणि एक पान

मे महिन्यात जळगावात, संध्याकाळी साडेसातला, उघड्यावर बसून जेवायचं आणि वर त्याचे पैसे मोजायचे, ही कल्पना पुण्याहून आलेली. म्हणजे लेकीबरोबर. टॉवर चौकापासून पाच मिनिटांवर थाई जेवणाचं नवीन हॉटेल निघालं होतं. आत चांगला एसी होता. पण लेक म्हणाली, "पप्पा, पॅटिओत बसू. तिथे ॲम्बियन्स आहे."

पॅटिओ म्हणजे फरशी घातलेलं अंगण. दिवसभर ४५ अंश पिऊन बसलेली ती फरशी आता चपलेतून सगळं परत करत होती. कडेला बांबू, वर पिवळे दिवे, आणि पाण्याचे तुषार उडवणारे दोन भलेमोठे पंखे. सोबत माझे चुलते, चोपड्याकडचे नाना. केळीच्या हिशोबासाठी व्यापाऱ्याकडे आले होते, त्यांना जेवू घातल्याशिवाय कसं पाठवायचं, म्हणून आणलेले. नानांनी खुर्चीला हात लावून पाहिला, माझ्या बायकोला हळूच विचारलं, "बाई, घरमा कूलर शे ना?" आणि बसले.

पहिला पेच नानांच्या माळेचा. नाना दरसाल मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला चालत जाणारे. वेटर म्हणाला, "डोन्ट वरी सर, हे प्युअर व्हेज आहे. फक्त फिश सॉस असतो." थाई स्वयंपाकात आपण मीठ घालतो तिथे मासळीचा खारवलेला रस घालतात, हे लेकीने समजावलं. नानांनी माळ सदऱ्याच्या आत सारली. बराच खल होऊन मासळीच्या जागी सोया सॉसवर तडजोड झाली.

मग वेटरने मला विचारलं, "स्पाइस लेव्हल, सर?" मेन्यूत पदार्थापुढे मिरच्यांची चित्रं होती, एक ते तीन. आता हा प्रश्न खान्देशी माणसाला विचारायचा असतो का? शेवभाजीवर बोटभर तर्री नसेल तर आम्ही भाजी आजारी आहे असं समजतो. कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचा खाऊन वाढलेला मी. पुण्यात शिकलेली लेक ऐकतेय, शेजारच्या टेबलावरची चार माणसं ऐकतायत. मी म्हणालो, "तीन. आणि चौथी असेल तर तीही."

पपईची कोशिंबीर आली. कच्च्या पपईचा कीस, लिंबू, शेंगदाणे, आणि मधूनमधून हिरवे-लाल इवलेसे तुकडे. "रॉ पपाया, सर. मॉर्टरमध्ये पाउंड केलेलं." नानांनी वाकून बघितलं. "खलमा ठेचेल शे का?" पोराचं इंग्रजी तिथेच गळून पडलं. "हा नाना, खलमाच." निघाला अमळनेरचा.

मी मोठा घास घेतला.

आमच्या तिखटाला एक रीत असते. मिरची आधी भाजली जाते, काळ्या मसाल्यात मुरते, तेलात परतली जाते, आणि ताटात येण्याआधी तर्री बनून वर तरंगते. म्हणजे बघणाऱ्याला आगाऊ नोटीस मिळते. या करंगळीच्या पेराएवढ्या थाई मिरचीने नोटीस दिली नाही. कच्ची, लिंबात भिजलेली, तेलाचा थेंब नाही. जिभेवर काही वाटेपर्यंत कानात पोचली होती. मी पाणी प्यायलो. मिरचीचा जाळ पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळतो, हे शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं; पाण्याने तो फक्त तोंडभर पसरला. डोळ्यांना धार लागली. पण पंखा नेमका माझ्या तोंडावर तुषार मारत होता. मी खुर्ची आणखी पुढे सरकवली. "पप्पा, गार वाटतंय ना इथे?" लेक म्हणाली. मी मान हलवली. बोलता येत नव्हतंच.

सूप आलं. त्यातली काडी नानांनी बोटाने बाहेर काढली, हुंगली. "हाऊ ते आपला गवती चहा शे!" शेंगदाण्याची पातळ चटणी आली, तिचीही ओळख पटली. शेवटी तळलेली केळी आली. एका केळ्याचे चार तुकडे, पिठात बुडवून तळलेले, वर तीळ. किंमत २९० रुपये. नानांना त्याच दिवशी क्विंटलला ११०० भाव मिळाला होता. त्यांचे ओठ हलले. "सव्वीस किलो," ते म्हणाले, "आख्खा घड." लेकीने फोनमध्ये बघून सांगितलं की केळीचं मूळ तिकडलंच, आग्नेय आशियातलं. नाना तुकडा निरखत म्हणाले, "मंग माहेरनं लुगडं नेसीसन उनी म्हन."

पण त्यांचं लक्ष खरं भाताखालच्या पानावर होतं. केळीचं पान, ताटलीच्या मापाने गोल कापलेलं, कुठे फाटलेलं नाही. "पानं कथाईन आनतस?" पोरगा म्हणाला, सुरतेहून पार्सल येतं, नगाला आठ रुपये. नानांनी चमचा खाली ठेवला. घड कापला की खोडावरची पानं आमच्याकडे बांधावर पडून सडतात, आणि जळगावात केळीचं पान सुरतेहून येतं! बिल मी दिलं; त्याच्याविषयी काही बोलत नाही. नानांनी पोराचा नंबर घेतला.

सकाळी सहाच्या एसटीने नाना गेले. नऊला फोन आला, मागे पानं कापल्याचा सपासप आवाज. "इचार त्याले, पान कितलं लांब पाहिजे." मी बरं म्हटलं.

"आनी तुन्हं तोंड कसं शे आते?"