अंगावर चढून झोपतात म्हणजे जमतं असं नाही

नमस्कार, कमेंटबद्दल आभार. तुमचं म्हणणं असं की दोन इग्वाना (पाला खाणारे मोठे सरडे) एकत्र ठेवू नका हे मी उगाच लोकांना घाबरवायला लिहिलंय, तुमचे दोघं लहानपणापासून एकाच केजमध्ये आहेत, एकदाही भांडण नाही, उलट एकमेकांवर चढून झोपतात, आणि जंगलात पण ते घोळक्यानेच राहतात.

जंगलाचं आधी बोलू, कारण ते अर्धं खरंय. पनामा, व्हेनेझुएलाकडे ग्रीन इग्वानाची पिल्लं खरंच घोळक्याने फिरतात, रात्री एकत्र झोपतात, शिकारी चालून आला असं वाटलं की भाऊ बहिणीवर चढून तिला झाकतो हेही तिथे संशोधकांनी पाहिलंय. पण ती पिल्लं हो! वयात आलेला नर विणीच्या काळात आपली जागा धरून बसतो, दुसऱ्या नराला जवळ फिरकू देत नाही. आणि तिथे हरलेल्याला पळायला अख्खं जंगल असतं, तुमच्या केजमध्ये तो कुठे जाणार?

आता ते चढून झोपणं. बल्बखालची गरम जागा एकच, म्हणून दोघं तिथेच येतात, आणि वरच्याला ऊब आणि यूव्हीबी (उन्हात असतात ते अतिनील किरण, केजमध्ये ट्यूबमधून मिळतात) दोन्ही मिळतं, खालचा झाकला जातो. पाला पचवायला इग्वानाला अंग ३५ डिग्रीच्या आसपास तापवावं लागतं, नाहीतर खाल्लेलं पोटात तसंच पडून राहतं, आणि यूव्हीबी कमी पडलं की अंगात डी३ जीवनसत्त्व बनत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात. एकही चावा न घेता एक जनावर आजारी पडतं ते असं.

भांडण दिसत नाही कारण निकाल आधीच लागलेला असतो. एका ओळखीच्यांकडे अशीच जोडी बघितली मी. मोठा नुसती मान वरखाली करायचा, गळ्याखालची झालर ताणून अंग चपटं करून आडवा उभा राहायचा, की धाकटा डोळे मिटून पोट टेकवून मागे सरकायचा, बस. मोठ्याच्या गालाखालच्या गोल खवल्याभोवती मांस भरलेलं, मांडीखालच्या छिद्रांतून मेणासारखे टोकदार खुंट बाहेर आलेले. धाकटा तपकिरी, मलूल, आणि भांड्याकडे यायचा ते मोठा झोपल्यावर, तोवर शेवग्याचा पाला सुकून गेलेला. मालक म्हणायचे, हा स्वभावानेच गरीब आहे. वेगळा केल्यावर तोच हिरवागार झाला आणि खायला लागला, मला फार बरं वाटलं ते बघून.

माझ्या शब्दावर जाऊ नका. किचनच्या वजनकाट्यावर दोघांना दर आठवड्याला ठेवा, लांबी मोजताना शेपूट सोडून मोजा कारण शेपूट तुटू शकते. फरक वाढत चालला असेल तर केज वेगळे करा, आणि मध्ये पुठ्ठा लावा, नुसतं दिसत राहिलं तरी धाकटा दबूनच राहतो. दुसऱ्या केजला बल्ब आणि यूव्हीबी ट्यूब स्वतंत्र लागेल, खर्च आहे, मान्य. तो जमत नसेल तर एकाला चांगलं घर बघा, फक्त देताना परिवेश पोर्टलवरची (अशा परदेशी प्राण्यांची सरकारी नोंदणी जिथे होते ती वेबसाइट) नोंद बदलून घ्यायला विसरू नका.