पोपट, नळी आणि उधारी: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर,

ज्ञानेश्वरीवरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'कुरुक्षेत्र म्हणजे आपलं मन, ही ग्रंथाची ओढाताण आहे. आणि मराठवाड्यातल्या माणसाला बळ पोथीतून नाही, पाण्यातून येतं,' असं तुम्ही लिहिलंत.

पहिलं मान्य. माउलींनी युद्धाला युद्धच ठेवलंय. 'त्यांना मनच म्हणायचं होतं' हे माझं वाक्य मी त्यांच्या तोंडी घातलं. पैठणला एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं, की यात कुणी आपली ओवी घातली तर ती अमृताच्या ताटात ठेवलेली नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी. माझी नरोटी मी आज उचलली. ते वाक्य काढलंय.

पाण्याचंही खरंय. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आम्ही अंबाजोगाईकडं टँकरमागं घागरी घेऊन पळत होतो. घागर ओवीनं भरत नाही.

पण म्हणून आतला अर्थ टाकूनच द्यायचा, हे मला पटत नाही. सहाव्या अध्यायातल्या कुंडलिनीच्या ओव्या मी नुसत्या भाषेसाठी वाचतो, अनुभव शून्य. माझं काम झालं ते त्याआधीच्या पोपटानं. आपणच आपले बंधू, आपणच आपले वैरी, हा श्लोक उलगडताना माउली तो पोपट आणतात. पोपट नळीवर बसतो, त्याच्याच भारानं नळी फिरते, तो उलटा लटकतो. उडायचं सोडून भीतीनं नळी आणखी आवळतो आणि म्हणतो, मी बांधला गेलो. पाय मोकळेच असतात.

आमचं सोयाबीन लागोपाठ दोन वर्षं गेलं होतं. खताच्या दुकानाची उधारी थकलेली. दुकानदाराचा फोन आला की मी मोबाइल उशीखाली सरकवायचो. दुकान लागतं म्हणून बाजाराला जाणंही सोडलं. आई रोज संध्याकाळी पोथीचं लाल फडकं सोडायची. पानांच्या कोपऱ्याला तिच्या अंगठ्याची हळद लागलेली. त्या दिवशी वाचनात तो पोपट आला. ती थांबली, चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"कोणं बांधलंय रे ह्याला? त्यानंच धरून ठेवलंय की."

तिला फोनचं ठाऊक होतं की नव्हतं, मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच फोन लावला. पैसे आत्ता नाहीत, पुढल्या सुगीला देतो, म्हणालो. दोन शिव्या ऐकल्या. उधारी एक रुपयानं कमी झाली नाही, पण रात्री जेवण घशाखाली उतरलं.

कर्जात बुडालेल्या दुसऱ्या कुणाला हा पोपट सांगायची माझी हिंमत नाही. त्याची दोरी खरी असू शकते. तुमचा राग बहुतेक अशा सांगणाऱ्यांवर आहे, आणि माझ्या लेखाचा सूर तसा लागला असेल तर चूक माझीच. पोपटाचा परिच्छेद मात्र मी तसाच ठेवलाय.