तीनाला एक म्हणजे फसवणूक नव्हे

फँटसी बास्केटबॉलमध्ये, म्हणजे खऱ्या NBA खेळाडूंच्या आकड्यांवर चालणाऱ्या खेळात, एका मॅनेजरने स्टार योकिच देऊन सबोनिस, डेरिक व्हाइट आणि माइल्स टर्नर घेतले. हा ट्रेड (अदलाबदल) कमिशनरने, म्हणजे लीग चालवणाऱ्याने, रद्द करावा, असं एका लेखात म्हटलंय. मला ते पटत नाही. नावं बाजूला ठेवून आधी रोस्टरच्या, म्हणजे टीममधल्या खेळाडूंच्या ठरावीक जागा मोजा. तीन घेणाऱ्याला दोन खेळाडू सोडावे लागतात आणि योकिच घेणाऱ्याकडे दोन जागा मोकळ्या होतात. म्हणजे खरी तुलना 'योकिच अधिक वेव्हरवरचे (कुठल्याच टीममध्ये नसलेले) दोन' विरुद्ध 'हे तिघे' अशी आहे, आणि जागा करायला सोडलेल्या दोघांचं नुकसान त्यात वेगळं धरायचं. दहा टीमच्या लीगमध्ये वेव्हरवर चांगले खेळाडू उरतात, तिथे योकिच घेणारा सरळ जिंकतो. चौदा टीमच्या लीगमध्ये वेव्हर कोरडा असतो, तिथे तिघांचं वजन वाढतं.

नऊ कॅटेगरींची लीग असेल, म्हणजे रिबाउंड, असिस्ट अशा नऊ आकड्यांत वेगवेगळी हार-जीत होत असेल, तर गरजही बघा. ब्लॉक आणि थ्री (तीन गुणांचे बास्केट) दर आठवड्याला हरणाऱ्या टीमला टर्नर आणि व्हाइट नेमके तेच देतात. सबोनिस रिबाउंड भरून काढतो, असिस्टमध्ये मात्र खड्डा पडतोच: २०२४-२५ मध्ये योकिचची सरासरी १०.२ होती, सबोनिसची जेमतेम ६. पॉइंट्स लीगमध्ये, जिथे सगळ्या आकड्यांचे मिळून एकच गुण होतात, ही गणितं चालत नाहीत, तिथे हा ट्रेड खरंच वाईट.

व्हेटो (ट्रेड रद्द करण्याचा अधिकार) फक्त संगनमतासाठी ठेवा: तळाची टीम काहीही न मिळवता मित्राला स्टार देत असेल तर. चुकीचा अंदाज बांधण्याचा हक्क प्रत्येक मॅनेजरला हवाच. ट्रेडची डेडलाइन मात्र प्लेऑफच्या (शेवटच्या बाद फेरीच्या) बरीच आधी ठेवा, बाद झालेल्या टीमची उधळपट्टी तिथेच थांबते.