स्वादुपिंडाचं ऑपरेशन: त्या मेसेजला माझं उत्तर

कोथरूडच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा आलेला मेसेज दोन दिवसांत आणखी तीन ग्रुपांवर फिरला. "स्वादुपिंडाला चाकू लावू देऊ नका. माणूस टेबलावरच जातो. वाचलाच तर जन्मभर इन्सुलिन. त्यापेक्षा काविळीचा काढा घ्या." माझ्या काकांचं हे ऑपरेशन इथेच पुण्यात झालं, एकोणीस दिवस मी त्यांच्याजवळ होते. म्हणून गप्प बसवत नाही.

टेबलावर जातो? १९७०च्या दशकापर्यंत व्हिपल, म्हणजे गाठीसाठी स्वादुपिंडाचं डोकं (एका टोकाचा जाड भाग) काढण्याच्या या ऑपरेशननंतर शंभरातले वीस-पंचवीस जण दगावत. आज हे ऑपरेशन नेहमी होतं तिथे हा आकडा पाचाच्या आत आहे. ठिकाणाचा फरक मात्र मोठा आहे. अमेरिकेतल्या वयस्कर रुग्णांच्या २००२ सालच्या अभ्यासात अगदी क्वचित करणाऱ्या रुग्णालयांत मृत्यू १६.३ टक्के होते, सर्वाधिक करणाऱ्यांत ३.८.

खरी परीक्षा नंतरच्या दिवसांत असते. उरलेलं स्वादुपिंड आतड्याला जोडतात. ते मऊ असेल तर टाका नीट धरत नाही, जोड पाझरतो. त्यासाठीच पोटात ड्रेन, म्हणजे पाझर बाहेर पिशवीत नेणारी नळी ठेवतात. तिसऱ्या दिवशी काकांच्या ड्रेनमधल्या पाण्याचं अमायलेज (स्वादुपिंडाच्या रसातलं एन्झाइम) रक्तातल्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं, म्हणजे जोड पाझरत होता. माझे हातपाय गळाले. सर्जन म्हणाले, "ताप नाही, पोट मऊ आहे. वाट पाहू." सिस्टर रोज सकाळी पिशवी मापात ओतून आकडा लिहायच्या आणि काका डोळे उघडताच विचारायचे, "आज किती?" आठव्या दिवशी घोटभर चहाही उलटून पडला, नाकातली नळी पुन्हा घातली. जठर असं काही दिवस रुसतं, हे बऱ्याच जणांना होतं. हळूहळू पाणी आटलं, मऊ भात पचला.

इन्सुलिन? व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचं डोकं काढतात, बाकीचा भाग इन्सुलिन बनवत राहतो. काहींना पुढे मधुमेह होतो, सगळ्यांना नाही. पूर्ण स्वादुपिंड काढलं तरच इन्सुलिन अटळ. काका जेवताना पचनाच्या एन्झाइमची कॅप्सूल घेतात, एवढंच.

काढ्याचा मला सर्वांत राग येतो. गाठीनं पित्तनलिका दाबली म्हणून कावीळ होते, ती काढ्यानं कशी मोकळी होणार? स्वादुपिंडाचा कॅन्सर कळतो तेव्हा पाचांतल्या जेमतेम एकाची गाठ काढण्याजोगी असते. त्या एकाचे आठवडे हा मेसेज खातो.

भीती वाटतेच. मग सर्जनला थेट विचारा: वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? मध्यरात्री रक्तस्राव झाला तर तो थांबवणारा रेडिओलॉजिस्ट इथे येतो का?