टल्साची पुरलेली प्लिमथ आणि कुर्ल्याची पद्मिनी

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्याला पन्नास वर्षं झाली त्या निमित्तानं, १५ जून १९५७ रोजी, टल्सा शहरानं आपल्या कोर्टाच्या इमारतीपुढच्या हिरवळीखाली एक कोरी करकरीत प्लिमथ बेल्व्हेडिअर गाडी पुरली. सोनेरी-पांढरी, मागे उंच पंख असलेली. राज्याची शंभरी होईल तेव्हा, २००७ मध्ये, ती बाहेर काढायची आणि त्या वर्षीची टल्साची लोकसंख्या ज्यानं सर्वांत जवळची सांगितली असेल त्याला बक्षीस द्यायची, असं ठरलं. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल न मिळेल म्हणून सोबत दहा गॅलन पेट्रोल ठेवलं, इंजिन ऑइल ठेवलं, बिअर ठेवली. पुढच्या कप्प्यात त्या काळच्या बाईच्या पर्समध्ये सापडेल तसं सामान: लिपस्टिक, केसांच्या पिना, च्युइंगगम, दंड न भरलेली पार्किंगची पावती, थोडे सुटे पैसे. गाडीला गंज लागू नये म्हणून लेप दिला, आवरणात गुंडाळलं आणि काँक्रीटच्या खोलीत उतरवलं. अणुबाँबलाही ही खोली दाद देणार नाही, असं तेव्हा सांगितलं गेलं.

२००७ च्या जूनमध्ये झाकण उघडलं तर आत काही फूट पाणी. गाडी बाहेर काढली ती चिखलानं आणि गंजानं माखलेली. हजारो लोक बघायला जमले होते, आणि बऱ्याच जणांना इंजिन सुरू होईल अशी आशा होती. ते सुरू होण्याच्या पलीकडे गेलं होतं. गाडीसोबत पुरलेली, वेल्डिंग करून बंद केलेली एक पोलादी पेटी मात्र शाबूत निघाली. तिच्यातला झेंडा आणि कागदपत्रं कोरडी होती. ज्यानं ३,८४,७४३ हा आकडा लिहून दिला होता तो माणूस जिंकला. खरी संख्या ३,८२,४५७. इतका अचूक अंदाज बांधणारा तो माणूस १९७९ मध्येच गेला होता, त्यामुळे गाडी त्याच्या वयस्कर बहिणींकडे आली. पुढे न्यू जर्सीत अनेक वर्षं खपून तिच्यावरचा गंज उतरवण्यात आला, खालचा रंग काही ठिकाणी दिसू लागला, पण सांगाडा इतका पोखरला होता की ती पुन्हा रस्त्यावर येणं अशक्य होतं. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयानं ती घेतली नाही. टल्साही तिला परत न्यायला पुढे झालं नाही. शेवटी इलिनॉयमधल्या रॉस्को गावच्या एका खासगी संग्रहालयानं तिला जागा दिली.

मी टल्सात नोकरीला आलो ते या सगळ्यानंतर. पण गावाकडच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जुन्या वास्तू, जुन्या गाड्या, किल्ले यांचा विषय निघाला की कुणीतरी हमखास लिहितं, "तिकडे अमेरिकेत बघा, साधा दिव्याचा खांबसुद्धा कसा जपतात." म्हणून मी ही गोष्ट सांगतो. टल्साकडे पैसा होता, तेलाच्या धंद्यातले एकाहून एक इंजिनिअर होते, उत्साह तर होताच. फक्त पुरल्या दिवसापासून ती गाडी कुणाचंच काम राहिली नाही. काँक्रीटला सांधे असतात, जमिनीत पाणी असतं, पन्नास पावसाळे पडतात. दर दोन-चार वर्षांनी झाकण उचलून कुणी आत डोकावलं असतं तर पाणी पहिल्याच फेरीत दिसलं असतं. पण न उघडणं हाच तर त्या सोहळ्याचा गाभा होता.

त्याच ओक्लाहोमात याच्या अगदी उलट उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त मोलाचं वाटतं. ओक्लाहोमा सिटीतल्या एका ल्युथरन चर्चच्या बायकांनी पाइप ऑर्गनसाठी निधी उभा करायचा म्हणून १९१३ मध्ये एक तांब्याची पेटी भरली. फोनोग्राफ, कॅमेरा, कपडे, पत्रं, असं बरंच काही. ती चर्चच्या तळघराच्या जमिनीखाली काँक्रीटमध्ये बंद केली. बरोबर शंभर वर्षांनी, २०१३ मध्ये, ती उघडली तेव्हा आतल्या वस्तू काल ठेवल्यासारख्या निघाल्या. तांबं होतं, काँक्रीट होतं, हे झालंच. पण माझ्या मते सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पेटीच्या डोक्यावर एक छप्पर होतं आणि त्या छपराखाली दर रविवारी माणसं येत होती. छप्पर गळलं तर तिथल्या तिथे दुरुस्त होणार, कारण खाली बसून प्रार्थना करायची असते.

आता मुंबईकडे येतो. मी कुर्ल्यात वाढलो. आमच्या चाळीतले काही काका प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये होते. वालचंद हिराचंद यांनी उभी केलेली ही कंपनी सुरुवातीला प्लिमथ बनवणाऱ्या अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार करून गाड्या बनवायची, त्यांत डॉज, डिसोटो होत्या आणि प्लिमथही होत्या. म्हणजे टल्सानं जिला भविष्याची निशाणी म्हणून जमिनीत ठेवलं, त्याच नावाच्या गाड्या आमच्या कुर्ल्यात माणसं हातानं जोडत होती. पुढे फियाटच्या परवान्यावर जी गाडी निघाली ती १९७४ पासून पद्मिनी झाली, आणि काळी-पिवळी होऊन तिनं अख्खी मुंबई पाठीवर घेतली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावर एकही राहिली नाही. त्याच्या दीडच महिना आधी बेस्टच्या जुन्या डिझेल डबलडेकरनाही निरोप दिला गेला होता.

त्या दिवसांत सगळीकडे एकच मागणी होती: एक तरी टॅक्सी संग्रहालयात ठेवा. मागणी रास्त आहे. माझं म्हणणं इतकंच की ती अर्ध्यावर थांबते. गाडी चौथऱ्यावर चढवली, हार घातला, फलक लावला, की पुढचं कुणी विचारत नाही. मुंबईची हवा खारी आहे. उघड्यावर ठेवलेल्या पत्र्याला तिथे टल्सासारखी पन्नास वर्षं लागणार नाहीत. उभी गाडी बसते हे कुठलाही गॅरेजवाला सांगेल: बॅटरी उतरते, टायर चपटे होतात, रबरं कडक होतात, पेट्रोलचा चिकटा कार्बोरेटरमध्ये साचतो. पद्मिनी जपायची तर तिला महिन्यातून निदान एकदा चालवायला हवं, आणि तिचा स्टीअरिंगवरचा गिअर हाताला माहीत असलेला फिटर पगारावर हवा.

आपले नियमही इथे आडवे येतात. २०२१ च्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. टॅक्सी विसाव्या वर्षी बाद. मधल्या तीस वर्षांत तिला ना धंदा, ना मान. राजेरजवाड्यांच्या गाड्या हा मधला काळ बंगल्याच्या गॅरेजमध्ये काढू शकतात. टॅक्सीवाल्याकडे गॅरेज नसतं, तो भंगारवाल्याकडेच जाणार, आणि त्याला त्याबद्दल कुणी बोल लावू नये. सामान्य माणसाची गाडी जपायची असेल तर या तीस वर्षांची सोय सरकारनं करायला हवी.

पण गाडीपेक्षाही मोठी एक गोष्ट मला टल्सानं शिकवली. १९५७ मध्ये शहरानं गाजावाजा करून पुढच्या पिढीसाठी गाडी ठेवली, तेव्हा या शहराच्या अगदी जवळच्या आठवणीत ग्रीनवुड होतं. ३१ मे आणि १ जून १९२१ ला गोऱ्या जमावानं कृष्णवर्णीयांची ती समृद्ध वस्ती जाळली. पस्तीसच्या आसपास ब्लॉक बेचिराख झाले, माणसं मारली गेली, अनेकांना नावाशिवाय पुरलं गेलं. १९५७ मध्ये त्यातून वाचलेले कितीतरी लोक चाळिशी-पन्नाशीत होते, त्यांना सगळं आठवत होतं. शहरानं त्यांना विचारलं नाही. शाळेच्या पुस्तकांतही पुढे कित्येक वर्षं ते आलं नाही. चौकशी आयोग नेमला गेला तो १९९७ मध्ये, आणि ओकलॉन दफनभूमीतल्या अनाम कबरींपैकी पहिल्या बळीची ओळख पटली ती २०२४ मध्ये. मला याचा राग येतो, अजूनही येतो. त्या पंधरा जूनला एखादा टेपरेकॉर्डर घेऊन दोन माणसं ग्रीनवुडमध्ये फिरली असती तरी आज किती घरांना आपला माणूस कुठे गेला याचं उत्तर मिळालं असतं.

आपल्याकडे १९७३ मध्ये इंदिरा गांधींच्या सरकारनं लाल किल्ल्यात कालपत्र, म्हणजे पुढच्या पिढ्यांसाठी लिहून बंद केलेला इतिहास, पुरलं, त्यात इतिहास कुणाचा लिहिला यावरून वाद झाला, आणि जनता सरकारनं ते उकरून काढलं. तो वादही कागदावर काय आहे इथेच राहिला. ज्यांचा इतिहास, त्यांच्या दाराशी जाऊन विचारावं असं दोन्ही बाजूंपैकी कुणाला सुचल्याचं दिसत नाही.

पद्मिनी जोडणारे हात आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ती चालवणारे जौनपूरला, आझमगडला परतलेत, काही अजून मुंबईच्या उपनगरांत आहेत. कारखान्यातली पाळी कशी असायची, संप कसे झाले, पत्रा ठोकताना बोटं कुणाची गेली, ९२-९३ च्या दंगलीत कुठल्या भागात गाडी न्यायची आणि कुठे नाही हे कुणी कुणाला सांगितलं, रात्री अडीच वाजता बाळंतिणीला केईएमला पोचवताना कुणी मीटर टाकलाच नाही, हे सगळं त्यांच्याकडे आहे. गोड आठवणींबरोबर कडूही विचारा. यासाठी जागा लागत नाही, चौथरा लागत नाही, मंत्र्यांच्या हस्ते उद्घाटन लागत नाही. फोनवरचं रेकॉर्डिंग चालतं. कुठलंही कॉलेज हे करू शकतं, टॅक्सीचालकांची संघटना करू शकते, वाचनालयाचे चार सभासद करू शकतात.

आमच्या चाळीतल्या त्या काकांपैकी एक आता डोंबिवलीला मुलीकडे असतात. बॉडी शॉपमध्ये होते. मी त्यांना फोन करून विचारलं, चालेल का? म्हणाले, "ये की, पण सकाळी ये, दुपारनंतर मला ऐकू कमी येतं." डिसेंबरात येतोय तेव्हा पहिला आठवडा त्यांचा. तुमच्या ओळखीत कुणी प्रीमियरमध्ये काम केलेलं असेल, टॅक्सी चालवलेली असेल, तर तुम्ही मात्र डिसेंबरपर्यंत थांबू नका.