माकोंच्या बिशपांनी बायकांच्या आत्म्यावर मतदान केलंच नव्हतं

महिला दिन आला की तो फॉरवर्ड उगवतोच. इसवी सन 585 मध्ये फ्रान्समधल्या माकों गावी अख्ख्या चर्चची परिषद भरली, बायकांना आत्मा असतो का यावर मतदान झालं आणि बायका फक्त एका मताने पास झाल्या. यंदा फॅमिली ग्रुपवर तो मावशीनेच टाकला, खाली रागाच्या इमोजींची रांग. तिच्याशी तिथे कोण वाद घालणार, म्हणून इथे लिहितोय.

ही गोष्ट येते फ्रान्समधल्याच तूर शहराचा बिशप ग्रेगरीकडून, ज्याला पुढे संत मानलं आणि ज्याने फ्रँक राजांच्या (म्हणजे तेव्हा तिथे राज्य करणाऱ्यांच्या) भानगडींचा दहा भागांचा इतिहास लिहून ठेवला (वारला 594 मध्ये). आठव्या भागात तो जाता जाता सांगतो की या सभेत एक बिशप उठला नि म्हणाला, बाईला ‘होमो’ म्हणता येत नाही. बाकीच्यांनी समजावलं की बाबा रे, देवाने नर-नारी घडवले आणि दोघांनाही आदाम म्हणजे माणूस म्हटलं, शिवाय येशूला मनुष्यपुत्र म्हणतात आणि तो तर मरियेचा, म्हणजे बाईचाच मुलगा ना. झालं, गडी गप्प बसला. यात आत्मा नाही, मतदान तर नाहीच, मग ते एक मत कुणाचं मोजलं?

भांडण शब्दाचं होतं. लॅटिनमध्ये पुरुषाला ‘विर’ आणि माणसाला ‘होमो’, पण लोकांच्या बोलण्यात होमो पुरुषाकडे सरकत होता, फ्रेंचमधला ‘ओम’ (पुरुष) त्यातूनच आलाय. आपल्याला तर हे पटकन कळायला हवं, कारण गावाकडे "चार माणसं आणि दोन बाया लावल्या" असंच म्हणतात, "माझा माणूस" म्हणजे नवरा, आणि बाईला माणसात घ्यायचं तर ‘बाईमाणूस’ असा जोड द्यावा लागतो.

"अख्ख्या चर्चची परिषद" हेही चूक, राजा गुंट्रामने बोलावलेली ती फ्रँक बिशपांची सभा होती. तिचे नियम आजही वाचायला मिळतात: रविवारी काम बंद, कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्या, विधवा-अनाथांचा खटला बिशपला न कळवता चालवू नका, आणि माझा लाडका, बिशपच्या घरी कुत्रे पाळू नका, आसरा मागायला आलेल्यांना चावतील. बायकांच्या आत्म्यावर एकही नियम नाही. मीठमसाला लागला तो हजारेक वर्षांनी. 17व्या शतकातल्या लायझर नावाच्या एका लुथेरन (म्हणजे प्रोटेस्टंट) पाद्रीने लिहिलं की माकोंत बायका माणूस आहेत का यावर वाद झाला (हा गृहस्थ बहुपत्नीत्वाचा प्रचारक बरं का), आणि ‘माणूस’चं ‘आत्मा’ नंतरच्यांनी केलं.

आता ते बिशप काही स्त्रीवादी नव्हते. त्याच शतकाच्या आसपास फ्रान्समधल्याच ओसेरच्या बिशपच्या सभेने बायकांनी उघड्या हातावर ख्रिस्तप्रसाद घेऊ नये असा नियम केला, राग काढायचा तर त्यावर काढा, तो खरा आहे.

पण ग्रेगरीचं बाकीचं लिखाणही वाचा. माकोंनंतर दोनच वर्षांनी, 587 मध्ये, पॉइतिएला राडेगुंड वारली, राजाला सोडून मठ काढलेली राणी. तिथला बिशप फिरकलाच नाही म्हणून दफनविधी ग्रेगरीने केला. तो लिहितो, तिच्या चेहऱ्यापुढे गुलाब नि लिली फिके पडत होते. मठातल्या दोनेकशे जोगिणी (नन) रडत होत्या. मठाबाहेर पाऊल टाकायची परवानगी नव्हती, त्यामुळे अंत्ययात्रा भिंतीखालून जाताना त्या वरून, खिडक्यांतून आणि तटावरून, हंबरडा फोडत होत्या.