रक्त सगळ्यांचं सारखंच दिसतं? खुलासा

‘माणूस, बकरी, कोंबडी, सगळ्यांचं रक्त मायक्रोस्कोपखाली एकसारखंच दिसतं, लॅबलाही फरक कळत नाही’ असा मेसेज फिरतोय. तो चुकीचा आहे.

कोंबडीचं रक्त काचेवर पसरून, रंग देऊन मायक्रोस्कोपखाली बघितलं की नवख्यालाही कळतं: तांबड्या पेशी लांबट, आणि प्रत्येकीच्या मधोमध गडद जांभळं केंद्रक (पेशीचा गाभा). माणसाच्या पेशी गोल, मधे फिकट, केंद्रक नाहीच. पक्षी, मासे, बेडूक, सरपटणारे प्राणी यांच्या तांबड्या पेशींत साधारणपणे केंद्रक असतं. सस्तन प्राण्यांच्या पक्व पेशींत नसतं. उंटाची पेशी तर केंद्रक नसूनही लांबट!

बकरीची पेशी गोलच, पण फार बारीक. माणसाची साधारण 7 ते 8 मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), बकरीची 3 ते 4. म्हणूनच माणसांच्या रक्तासाठी लावलेल्या सीबीसी मशीनवर (रक्तपेशी मोजणारं यंत्र) बकरीचं रक्त टाकलं तर आकडे भलतेच येतात, बारीक तांबड्या पेशी प्लेटलेट (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशी) म्हणूनही मोजल्या जाऊ शकतात. प्राण्यांचे नमुने पशुवैद्यकीय लॅबकडेच द्या, ही माझी कळकळीची विनंती आहे.

मेसेजमध्ये थोडं तथ्य आहे ते इतकंच: कुत्र्याची पेशी जवळपास 7 मायक्रोमीटरची, माणसासारखीच दिसते, तिथे नुसत्या नजरेवर विसंबता येत नाही. वाळलेल्या डागात तर पेशी बहुतेक फुटलेल्याच असतात. पण त्यासाठी प्रथिनांवरून प्राणी ओळखण्याची चाचणी आहे. ती जर्मनीचे शास्त्रज्ञ पाउल ऊलेनहूट यांनी 1901 मध्ये मांडली. आता डीएनए तपासणीही होते.